पन्हाळी पत्र्याचा जुना रंग खरवडायचं हत्यार घरच्या घरी कसं करायचं

पत्रा रंगवायचा ठरलं की लोक आधी दुकानात जाऊन रंगाचा डबा आणतात आणि वर चढल्यावर कळतं की रंग मारणं हे काम अर्ध्या दिवसाचं, खरी मेहनत जुना रंग काढण्यात आहे. मग हाताला लागते ती पेंटरची पत्ती. आता ती पत्ती भिंतीला लांबी म्हणजे पुट्टी भरायला केलेली, सपाट, त्यामुळे पन्हाळी पत्र्यावर ती वरच्या गोलाईवर एका रेघेपुरती टेकते आणि खालच्या खोलगट भागात तर फक्त तिचे दोन कोपरे लागतात, म्हणजे मधला रंग जागच्या जागी आणि पत्र्यावर दोन चरे. शेतातल्या सरी-वरंब्यासारखाच हा आकार आहे, म्हणून पुढे मी खोलगट भागाला सरी आणि उंच भागाला वरंबा म्हणतो.

कोणीतरी मग सांगतं, ग्राइंडर लाव, तारेचा कप बसव, दहा मिनिटात काम. पत्रा साधा काळा लोखंडी असेल तर एकवेळ ठीक, पण आपल्याकडे छपराला बहुतेक जीआय पत्रा असतो, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. हा मुलामा किती जाड असतो माहितीये का, चांगला 275 ग्रेडचा पत्रा असेल तर एक चौरस मीटरला दोन्ही बाजूंचं मिळून 275 ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला साधारण 20 मायक्रॉन, मिलिमीटरचा पन्नासावा भाग. 120 ग्रेडचा असेल तर जेमतेम 8. ग्राइंडर तो थर रंगाबरोबरच घेऊन जातो, वर तारेचे बारीक तुकडे पत्र्यावर चिकटून राहतात आणि दोन पावसात त्या प्रत्येक ठिपक्याला गंज धरतो. म्हणून हाताचंच हत्यार बरं, आणि तेही पत्र्याच्या गोलाईचं, फार कडक पोलादाचं नाही.

हत्यार करायच्या आधी एक काम करा, खिशात लोहचुंबक ठेवा आणि पत्र्याला लावून बघा. चिकटला तर लोखंड, पुढे वाचा. नाही चिकटला तर एकतर तो ॲल्युमिनियमचा आहे, तो इतका मऊ असतो की लोखंडी खरवडणी त्यावर चालवायचीच नाही, लाकडाची किंवा कडक प्लास्टिकची करा. नाहीतर तो सिमेंटचा पत्रा आहे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि तो कोरडा खरवडला की त्याचे तंतू हवेत उडून फुप्फुसात जातात, त्याला खरवडणी, ब्रश, पॉलिश पेपर काहीही लावू नका. रंग निघालाय म्हणून वाईट दिसतो तर दिसू दे.

आता माप. बाजारातल्या नेहमीच्या गोल पन्हाळीच्या पत्र्यात एका वरंब्यापासून दुसऱ्या वरंब्यापर्यंत साधारण 75-76 मिमी असतं आणि सरीची खोली 18-19 मिमी. यावरून गोलाईची त्रिज्या काढली तर जवळपास 25 मिमी येते, म्हणजे पाच सेंटिमीटर व्यासाची बाटली सरीत आडवी ठेवली तर बऱ्यापैकी बसते. पण माझं ऐकाल तर आकड्यावर न जाता पुठ्ठ्याचा तुकडा पत्र्याच्या मोकळ्या टोकाला उभा धरा आणि पेन्सिलने लाट काढून घ्या, कारण जुन्या घरांवर दोन-तीन वेळेला बदललेले वेगवेगळ्या कंपनीचे पत्रे असतात आणि त्यांची लाट एकसारखी निघेलच असं नाही. आणि हल्लीचे रंगीत पत्रे, ज्यांचा तळ सपाट आणि वरंबा चौकोनी असतो, त्यांना हे हत्यार लागतच नाही, तिथे साधी पत्तीच चालते.

आता मुद्द्याची गोष्ट. पुठ्ठ्यावर जी गोलाई आली तशीच्या तशी हत्याराला द्यायची नाही. सरीत चालणाऱ्या खरवडणीची गोलाई पत्र्यापेक्षा थोडी घट्ट पाहिजे, 25 च्या जागी 23 मिमी त्रिज्या धरा, आणि वरंब्यावर चालणाऱ्या खरवडणीची खाच थोडी सैल, 27 मिमी. असं केलं की दोन्ही ठिकाणी धार मधोमध टेकते आणि कडा हवेत राहतात. उलटं झालं की कडा टेकतात, त्या जस्तात रुततात, आणि मधला रंग हसत बसतो. बरोब्बर मापाचं हत्यार तर त्याहून त्रासाचं, कारण पत्रा कुठे ना कुठे चेपलेला असतोच, कोणाचा पाय पडलेला, कुठे नारळ पडलेला, तिथे ते अडकतं. याच कारणाने सरी-वरंबा एकदम घासणारं अख्ख्या लाटेचं मोठं हत्यार करायच्या भानगडीत पडू नका, कागदावर भारी दिसतं पण पत्र्यावर पहिल्याच स्क्रूला ठेचकाळतं.

साहित्य असं: 40 बाय 3 मिमीची एमएस म्हणजे साध्या मऊ पोलादाची पट्टी, फॅब्रिकेशनवाल्याकडे तुकड्यात मिळते, एकेक फुटाचे दोन तुकडे घ्या. एक सपाट कानस, एक अर्धगोल कानस, हॅकसॉ, आणि व्हाइस म्हणजे शेगडा. शेगडा घरी नसेल तर वाकवायचं काम त्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, दोन मिनिटांचं आहे. मशीनच्या करवतीचं जुनं ब्लेड वापरा असंही लोक सांगतात, ते कडक असतं आणि धार टिकते हे खरं, पण ते ठिसूळ असतं, वाकवायला गेलात की तुटतं, आणि जस्तावर एवढी कडक धार नकोच आहे. एमएसची धार लवकर बोथट होते, तर होऊ दे, कानसेचे चार हात मारले की परत तयार.

पट्टीच्या टोकाचे 5 सेंटिमीटर शेगड्यात धरून वाकवा, पूर्ण काटकोनात नाही, थोडं आत झुकलेलं, 75 अंशाच्या आसपास. दिसायला छोटी कुदळ दिसेल. हे ओढायचं हत्यार आहे, ढकलायचं नाही, कारण ढकलताना हात सटकला तर माणूस पुढे जातो आणि छपरावर पुढे जाणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या तुकड्याच्या वाकवलेल्या टोकावर 23 मिमी त्रिज्येची गोलाई आखा, हॅकसॉने कोपरे उडवा आणि सपाट कानसेने गोल करत या, ही झाली सरीची खरवडणी. दुसऱ्या तुकड्याच्या टोकाला उलटी खाच पाहिजे, मधोमध 30 मिमी रुंद आणि साडेचार मिमी खोल, बाजूला दोन्हीकडे पाच-पाच मिमीचे खांदे राहतात. ही खाच अर्धगोल कानसेने काढायची. खांद्यांचे कोपरे चांगले गोल करा, बोट फिरवलं तर टोचता कामा नये, नाहीतर शेजारच्या उतारावर ओरखडे पाडतील.

धार लावताना चाकूसारखी पातळ करायची नाही. कडेला साधारण 60 अंशाचा उतार द्या, बाहेरच्या अंगाने, म्हणजे तुमच्या हाताच्या विरुद्ध बाजूने. कानस मारताना आतल्या बाजूला एक बारीक कंगोरा उठतो, नखाला जाणवतो, तो घासून काढू नका. रंग त्यानेच निघतो. तो कंगोरा मेला की हत्यार नुसतं घसरायला लागतं आणि आपण जोर वाढवतो, तेव्हा जोर न वाढवता थांबून कानस मारायची.

मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळा. लाकडी मूठ छान दिसते पण घामाने सुळसुळीत होते.

जमलंय का ते तपासायला खडू घ्या. एका कोपऱ्यातल्या सरीत शाळेचा पांढरा खडू आडवा धरून चांगला घासा, आणि त्यावरून खरवडणी हलक्या हाताने वीतभर ओढा. मधोमध बोटभर रुंद पट्टा साफ झाला पाहिजे. दोन बाजूंना दोन रेघा उमटल्या आणि मध्ये खडू तसाच राहिला तर बाजू अजून घासा. एकच केसासारखी रेघ आली तर गोलाई फार घट्ट झालीये, मधलं टोक थोडं चपटं करा. वरंब्यावर पण हेच, फक्त तिथे दोन रेघा आल्या तर खाच मध्ये खोल झालीये, म्हणजे तिच्या बाजू अर्धगोल कानसेने मोकळ्या करा.

ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी सव्वा इंची काळ्या पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून घ्यावा, सरीत पन्हळीसारखा ठेवून ओढला तरी पोपडे निघतात. वरंब्यासाठी दोन इंची पाइप, पालथा. जीआय पाइप मात्र वेल्डिंगला देऊ नका, जस्ताचा धूर डोक्यात जातो आणि रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डरलाच विचारा.

आता कामाला कधी लागायचं. कोकणात दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ सगळ्यात बरा, पत्रा कोरडा असतो आणि सकाळी दहा-अकरापर्यंत हात लावण्याइतका थंड. लोक मे महिन्यात, पाऊस डोक्यावर आल्यावर चढतात आणि दुपारच्या पत्र्यावर गुडघे भाजून घेतात. चढताना पाय कुठे ठेवायचा तर स्क्रूच्या रांगेवर, कारण त्याखाली पर्लिन म्हणजे पत्र्याचा आडवा आधार असतो, दोन पर्लिनच्या मध्ये पाय दिला की पत्रा बसतो. आडवी फळी टाकली तर उत्तमच. आणि कमरेला दोर, तो पण पलीकडच्या पक्क्या जागी बांधलेला, दोघांपैकी एकाने खाली उभं राहावं. एकट्याने हे काम करू नये.

रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, म्हणजे त्याच्या आधीच्या रंगाबद्दल शिसं आहे असंच धरून चला, त्यातून खाली नारिंगी रेड लेडचा (हे शिसंच) किंवा पिवळा झिंक क्रोमेटचा (यात शिसं नाही, पण विषारी क्रोमियम) थर दिसला तर नक्कीच जपून. एन-95 मास्क, चष्मा, आणि फवारणीच्या बाटलीने पत्रा ओलसर करून मगच खरवडायचं, धूळ उडत नाही. ओलसर म्हणजे ओलसर, पाणी वाहवलं तर तुम्हीच घसराल. खाली ताडपत्री अंथरा, पागोळीच्या रेषेपासून चांगली बाहेरपर्यंत, विहीर, पाण्याची टाकी, गुरांची गव्हाण झाका, पन्हळीतून पाणी साठवत असाल तर तो पाइप आधी काढून ठेवा. निघालेले पोपडे जाळू नका आणि परसात टाकू नका, पोत्यात भरून तोंड बांधून ठेवा आणि घातक कचरा म्हणून वेगळा द्या.

खरवडायचं वरून खालपर्यंत पण एका झटक्यात नाही, वीत-वीतभर. कधीही आडवं नाही, सरीच्या दिशेनेच. आधी सगळ्या सऱ्या, मग सगळे वरंबे, दर वेळी हत्यार बदलत बसू नका. सरी आणि वरंब्याच्या मधला जो सरळ उतार आहे तो मनगट थोडं कलतं करून सरीच्या खरवडणीनेच होतो, उरला तर एक इंची पत्ती. स्क्रू आला की चार बोटं अलीकडे थांबा, वॉशरच्या भोवतीचं काम नायलॉनच्या ब्रशने, कारण वॉशरचं रबर फाटलं तर गळती तिथेच सुरू. जोडावर, म्हणजे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तिथे, फट पाणी ओढून धरते म्हणून रंग सगळ्यात आधी तिथला सुटतो, पण म्हणून खरवडणी त्या फटीत घालून वरचा पत्रा उचकटू नका. तिथे वरूनच चालवा आणि फटीत नंतर सीलंट भरा.

सगळा रंग काढायची गरज नसते, हे पेंटरही सांगत नाहीत. जो सुटतोय तोच काढायचा. उरलेल्यावर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्याने ओढा, रंग तिच्याबरोबर आला नाही तर राहू दे, फक्त त्याची कड 120 च्या पॉलिश पेपरने उतरती करा. जीआय पत्र्यावर ऑइल पेंट थेट मारला असेल तर मात्र बहुतेक सगळाच पापडासारखा निघतो, कारण त्यातल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि पकडच जाते. त्यात रंगाच्या कंपनीचा दोष नाही, प्रायमर न मारणाऱ्याचा आहे.

खरवडताना खाली काय दिसतंय तिकडे लक्ष ठेवा. राखाडी दिसलं तर जस्त शाबूत आहे, लगेच हात आखडता घ्या. पांढरी पूड म्हणजे जस्ताचा गंज, नायलॉनच्या ब्रशने आणि पाण्याने धुवा. तांबूस दिसलं म्हणजे जस्त संपलं, लोखंड उघडं पडलंय, तेवढ्याच जागी तारेचा ब्रश चालवा. कॉस्टिक सोडा लावून रंग सुटा करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो जस्तही खातो आणि ॲल्युमिनियमही. ब्लो-लॅम्पने रंग जाळायचा तर नाहीच, शिशाचा धूर थेट छातीत.

खरवडलेला भाग धुऊन, वाळवून त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, समुद्राजवळ तर दुपार उलटायच्या आत. तांबूस ठिपक्यांवर रेड ऑक्साईड किंवा झिंक-रिच प्रायमर, राखाडी जस्तावर जीआयचा वॉश प्रायमर, आणि मग वरचा रंग. म्हणून सकाळी जेवढं दुपारपर्यंत प्रायमर मारून होईल तेवढंच खरवडायला घ्या, चार-पाच पत्रे फार झाले.