छोटी लालसरी कशी ओळखावी

छोटी लालसरी हे बुडी मारणारे बदक. तिच्या रंगाकडे नंतर बघा. आधी बदक पाण्यावर बसले आहे कसे, ते पाहा. बुडी मारणाऱ्या बदकांचे अंग पाण्यात खोल बसते आणि शेपटी पाण्याला टेकते; पाण्याच्या वरच्या थरात चरणाऱ्या बदकांची शेपटी उचललेली असते. मग एकाच पक्ष्यावर दोन-तीन मिनिटे दुर्बीण धरून ठेवा, ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. लालसरी किंचित उसळी घेऊन अख्खी पाण्याखाली जाते. दिवसा मात्र पुष्कळदा अख्खा थवा चोच पाठीत खुपसून झोपलेला असतो, कारण तिचे खाणे बरेचसे रात्री चालते. म्हणून सकाळी लवकर जा आणि सूर्य पाठीशी घ्या. उन्हाच्या विरुद्ध पाहिले तर लाल डोकेही काळे दिसते आणि पहिली चूक इथेच होते.

नर सोपा. डोके व मान तांबूस-तपकिरी, छाती काळी, पाठ व कुशी फिक्या राखाडी, शेपटीकडचा भाग पुन्हा काळा. डोळा लाल. गडद चोचीवर मधोमध निळसर-राखाडी पट्टा.

खरी परीक्षा मादीची. डोके-छाती मळकट तपकिरी, अंग राखाडी-तपकिरी, डोळा गडद. तिच्या चेहऱ्यावर थांबा: चोचीच्या मुळाशी फिकट डाग, डोळ्याभोवती फिकट कडे आणि डोळ्यामागून निघालेली पुसट रेघ. तरीही शंका उरली तर बाजूने डोक्याचा आकार पाहा. कपाळापासून चोचीच्या टोकापर्यंत एकच लांब उतार दिसतो. रंग फसवतो, हा उतार सहसा फसवत नाही.

गल्लत कुठे होते? मोठ्या लालसरीच्या नराची चोच भडक लाल आणि कुशी पांढऱ्या. शेंडी बदकाचा डोळा पिवळा, कपाळ उभे. उडताना त्याच्या पंखावर ठळक पांढरा पट्टा. छोट्या लालसरीच्या पंखावरचा पट्टा राखाडी, फिका असतो. विणीचा हंगाम संपल्यावर नर पिसे बदलतो, तेव्हा तो मादीसारखा मळकट दिसतो. पण डोळा लालच राहतो.

झोपलेल्या पक्ष्यावर घाईने नाव ठोकू नका. तो पंख झटकेल किंवा मान वर करेल, तोवर थांबा. जवळ जाऊन उठवू तर मुळीच नका: पाण्यावर धावत, पंख फडफडवत उडताना त्याची बरीच शक्ती खर्च होते, आणि जगभरात या बदकांची संख्या घटत चालली आहे.