खाजणात भरतीचे पाणी परत घेताना: पावसाळा सरल्यापासून पुढच्या पावसापर्यंतची कामे

बांध घालून आणि चर खणून कोरडी केलेली किनाऱ्यालगतची पाणथळ जमीन पुन्हा भरतीखाली आणायची असेल, तर उघाडीचे, म्हणजे बांधातून भरती-ओहोटीचे पाणी ये-जा करण्याच्या वाटेचे, दार उघडणे हे काम शेवटाकडे येते. त्याआधी जमिनीखाली काय दडले आहे आणि जमीन किती खचली आहे, हे कळायला हवे. ते न पाहता पाणी आत घेतले तर पहिल्याच ओहोटीला आम्ल झालेले, प्राणवायू संपलेले पाणी खाडीत उतरते. ज्या माशांसाठी हा खटाटोप, तेच पाण्यावर उलटे तरंगताना दिसतात.

पाऊस थांबला की आधी माती

खाऱ्या दलदलीच्या चिखलात लोह आणि गंधक मिळून पायराइट तयार झालेले असते. पाण्याखाली असेपर्यंत ते निरुपद्रवी असते. चरांमुळे पाणीपातळी खाली गेली की हवा आत शिरते आणि त्याचे गंधकाम्ल होते. एक टन पायराइटपासून सुमारे 1.6 टन गंधकाम्ल तयार होते, यावरून प्रकरण किती मोठे आहे याचा अंदाज यावा. कोरड्या दिवसांत हे आम्ल मातीत साठते आणि पहिल्या मोठ्या पावसात चरांतून खाडीत वाहून जाते.

चराच्या काठाची माती कुदळीने उभी कापून पाहा. भेगांच्या आणि जुन्या मुळांच्या बाजूने फिकट पिवळे, लोण्यासारखे डाग दिसले तर आम्ल तयार झालेलेच आहे. अशा थराचा सामू (pH, 7 हून जितका कमी तितके आम्ल जास्त) बहुधा 4 च्या खाली असतो. त्याखालचा गर्द करडा, मऊ, ओला चिखल मात्र अजून 'पेटलेला', म्हणजे हवा लागून आम्ल झालेला, नसतो. तो तसाच ओला ठेवणे हे या सगळ्या कामाचे मुख्य सूत्र आहे.

चराच्या पाण्याकडेही नीट पाहा. गढूळ पाणी एकदम नितळ, निळसर-हिरवे झाले म्हणून खूश होऊ नका. मातीतून सुटलेले अॅल्युमिनियम गाळ खाली बसवते, म्हणून पाणी असे दिसते आणि हेच अॅल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांवर बसून त्यांना गुदमरवते. काठावर तांबूस-नारिंगी साय धरली असेल तर ते लोह आहे.

शेतावरची चाचणी अशी करा. गिरमिटाने दर 25 सेंमी खोलीवरचा नमुना घ्या. सर्वांत खोल चराच्या तळापेक्षा निदान एक मीटर खालपर्यंत जा. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून हवा दाबून काढा, बर्फात ठेवा आणि 24 तासांच्या आत तपासा. उघड्यावर ठेवलेला नमुना वाटेतच आम्ल होतो आणि आकडा फसवा येतो. थोड्या मातीत तेवढेच शुद्ध पाणी कालवून सामू घ्या. दुसऱ्या भागावर 30 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, उकळी बसली की पुन्हा सामू घ्या. पेरॉक्साइड वापरण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या थेंबांनी त्याचा सामू 4.5 ते 5.5 वर आणलेला असावा, नाहीतर त्याचीच आम्लता मातीच्या नावावर जाते. दुसरा आकडा 3 च्या खाली आणि पहिल्यापेक्षा एकाहून जास्त घसरलेला असेल तर त्या थरात पायराइट आहे असे धरा. मिश्रण उसळून बाहेर येते आणि तापते. काचेची उष्णता सोसणारी नळी, हातमोजे आणि चष्मा हवाच. आम्ल मारण्यासाठी घालायच्या चुन्याची मात्रा मात्र प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच ठरवा, या चाचणीवरून नव्हे.

पातळी मोजल्याशिवाय दार उघडू नका

वर्षानुवर्षे सुकवलेली जमीन बसते, कारण चिखल आकसतो आणि सेंद्रिय भाग कुजून जातो. बाहेरची खारफुटी ज्या उंचीवर उभी आहे, त्याहून आतली जमीन बरीच खाली गेलेली असू शकते. अशा ठिकाणी दार सताड उघडले तर पाणथळ परत येत नाही, नुसते तळे होते. खारफुटी आणि खारगवत साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि सर्वांत मोठ्या उधाणाची रेषा यांच्या दरम्यानच टिकते. म्हणून बांधाच्या आत आणि बाहेर एकाच शून्य पातळीला जोडलेल्या मोजपट्ट्या रोवा. अमावास्येचे उधाण (सर्वांत मोठी भरती) आणि अष्टमीचा भांग (सर्वांत लहान भरती) दोन्ही येतील असे निदान 15 दिवस पाणी नोंदवा, मग पाणी कुठवर पसरू द्यायचे ते ठरवा.

याच वेळी शेजाऱ्यांच्या बाजूने आतला बांध घाला आणि त्याच्या पलीकडे 50 मिमी व्यासाच्या, खालच्या भागात चिरा पाडून गाळणकापड गुंडाळलेल्या प्लॅस्टिक नळ्या दीड-दोन मीटर खोल बसवा. त्यांतल्या पाण्याची पातळी आणि क्षारता दर पंधरवड्याला लिहून ठेवा. मातीच्या अर्काची क्षारता 3 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की भाताचे उत्पादन घटू लागते. वाद तिथूनच सुरू होतात. बांध, उघाडी किंवा खारफुटी यांना हात लावण्यापूर्वी लेखी परवानगी घ्या.

गवत आणि काळा गाळ

खारे पाणी न सोसणारे गवत बुडाले की आठवड्याभरात कुजते आणि पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. पाणी सोडण्याआधी ते चारून किंवा कापून संपवा आणि कापलेले गवत बांधावर न ठेवता बाहेर न्या. त्याबरोबर मातीतले थोडे नत्र-स्फुरदही बाहेर जाते. जिथे खते पडत होती तिथे ती किमान एक हंगाम आधी बंद करा, कारण माती पाण्याखाली गेली की लोहाला धरून बसलेला स्फुरद सुटतो आणि पहिल्या वर्षी शेवाळ माजते.

चराच्या तळाशी लोण्यासारखा मऊ, काळाकुट्ट, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ असतो. तो ढवळला गेला तर काही मिनिटांत आजूबाजूचे पाणी प्राणवायूहीन होते. तो उपसून काठावर टाकण्याची चूक सर्रास होते, आणि मग तो सुकून आम्ल सोडतो. खोल चर बुजवणे किंवा आडवे बंधारे घालून त्यात पाणी धरून ठेवणे हा बरा मार्ग.

दार: कसे आणि किती

नेहमीची झडप ओहोटीला उघडते आणि भरतीला आपोआप मिटते, त्यामुळे आत येणारे मासे बाहेरच अडतात. जिताड्याची पिले खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात जन्मतात आणि वाढायला आतल्या पाणथळीत येतात. बोय आणि कोळंबीचेही तसेच. सर्वांत स्वस्त बदल म्हणजे झडपेत वर-खाली सरकणारी खिडकी. त्याहून चांगली तरंग्यावरची झडप: ठरवलेल्या उंचीला पाणी चढले की तरंगा उचलला जातो आणि दार मिटते. ओंडका अडकला किंवा कालवे (शिंपल्यातले जीव) चिकटली की ती उघडीच राहते आणि शेजारचे शेत बुडते, म्हणून प्रत्येक उधाणाच्या आदल्या दिवशी हाताने हलवून पाहा.

भोक अरुंद असेल तर पाणी फार जोराने घुसते. लहान पिलांसाठी ओढ सेकंदाला 30 सेंमीच्या आसपासच राहील इतके ते रुंद ठेवा. बांधाखालून पाणी नेणाऱ्या मोरीचा तळ ओहोटीच्या पाण्यापेक्षा वर लटकता नको, पाइप लांब आणि काळोखा नको.

पाणी आत घेण्याचा क्रम

पावसाळा संपल्या संपल्या खाडीचे पाणी गोडसर असते. खाडी पुन्हा पुरती खारी होईपर्यंत थांबा. समुद्राच्या पाण्यात आम्ल मारण्याची स्वतःची ताकद असते: 1000 लिटर पाणी सुमारे 115 ग्रॅम शुद्ध चुनखडीइतके काम करते. ही फुकटची शक्ती गोडसर पाण्यात कमी असते. शिवाय थंडीत पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो.

सुरुवात भांगाच्या लहान भरत्यांनी करा. खिडकी थोडीच उघडा, दोन-तीन भांग-उधाणांची चक्रे तसेच चालू द्या आणि मगच पुढची पायरी चढा. आम्ल सर्वांत जास्त बाहेर येते ते ओहोटीच्या शेवटी, मातीतले पाणी चरात झिरपते तेव्हा. सामू तेव्हाच मोजा. तो 6 च्या खाली गेला तर पाणी एकदम सोडू नका, आतच धरून पुढच्या भरतीत मिसळू द्या. प्राणवायू पहाटे, सूर्योदयापूर्वी मोजा. लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर ठीक आहे. 2 च्या खाली मासे मरू लागतात.

ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळच्या ईस्ट ट्रिनिटी येथे 1970 च्या दशकात उसासाठी सुकवलेल्या जमिनीत असेच टप्प्याटप्प्याने भरतीचे पाणी घेतले गेले, जोडीला पाण्यात मोजून विरवलेला चुना मिसळला. तो चुना अंदाजाने वापरण्याची चीज नाही. त्याच्या द्रावणाचा सामू 12 च्या वर जातो आणि मासे आम्लाऐवजी चुन्याने मरतात. काठावरच्या पिवळ्या मातीसाठी बारीक दळलेली चुनखडी पुरते. चरात चुनखडीचे दगड टाकण्याने काही साधत नाही, त्यांच्यावर लोहाचा थर बसतो आणि ते निकामी होतात.

उन्हाळा आणि पहिला पाऊस

उन्हात वेगळी पडलेली डबकी अतिखारट होतात, डासही तिथेच वाढतात. ती 30 सेंमीपेक्षा उथळ आणि खोलीच्या तिप्पट रुंद अशा पसरट नाल्यांनी जोडा, म्हणजे भरतीबरोबर छोटे मासे आत जाऊन अळ्या खातील. नाला खोल खणलात तर पुन्हा पायराइट उघडे पडते. खारफुटी लावण्याची घाई नको. पातळी योग्य असेल आणि जवळ झाडे असतील तर बिया पाण्याबरोबर येतात. ज्या चिखलावर दोन वर्षांत काहीच उगवले नाही तिथे रोपेही बहुधा जगत नाहीत, कारण तो फार खाली असतो.

पावसाच्या तोंडावर चर साफ करून पाणी उतरवण्याची जुनी सवय या जमिनीत सोडा. मातीतली पाणीपातळी करड्या थराच्या वरच राहू द्या. पहिल्या जोरदार सरीनंतर तीन-चार दिवस रोज पहाटे सामू आणि प्राणवायू घ्या. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर बाहेरचे भरतीचे पाणी जमेल तेवढे आत घ्या, आतले पाणी त्या दिवशी बाहेर सोडू नका.