विहिरीतले चार खोटे प्रतिध्वनी

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या विहिरीत पाणी किती खाली आहे, ते आवाजाने मोजायचं होतं. काठावर स्पीकर, शेजारी माइक. 'टिक्' वाजवायचं आणि प्रतिध्वनीला लागलेला वेळ बघायचा. एका टिकमध्ये काहीच दिसेना, म्हणून 100 नोंदी एकावर एक रचून सरासरी काढली. प्रतिध्वनी दर वेळी त्याच जागी येतो, गोंगाट कुठेही. त्यामुळे 100 नोंदींत गोंगाट 10 पट कमी होतो. रडार-सोनारवाल्यांची ही जुनीच युक्ती.

पण आलेखावर 20, 40, 60, 80 मिलिसेकंदांना उंचवटे! आजी म्हणाली, "अरे, दोर सोड की आत." सोडला. पाणी 9 मीटरवर, म्हणजे प्रतिध्वनी साधारण 52 मिलिसेकंदांना हवा.

दोन रात्री माइक बदलण्यात वाया घालवल्या. मग एकदा पंप बंद असताना मोजलं आणि उंचवटे गायब! आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एक लाट 20 मिलिसेकंदांची. आणि मी टिक वाजवत होतो नेमकी दर 100 मिलिसेकंदांनी, बरोब्बर पाच लाटा. पंपाच्या वायरीतून माइकच्या वायरीत शिरलेली घरघर प्रत्येक नोंदीत त्याच जागी बसायची. सरासरी तिला प्रतिध्वनीच समजणार!

उपाय एका ओळीचा निघाला: प्रत्येक टिकआधी 0 ते 20 मिलिसेकंदांमधला कुठलाही, दर वेळी वेगळा विलंब. पंप चालू ठेवूनच पुन्हा मोजलं. 52च्या जरा पुढे एकच उंचवटा.

आजीने दोर मात्र अजून खुंटीवरून काढलेला नाही.