बेताच्या पर्सेंटाइलवर कॅपचा ऑप्शन फॉर्म: तयारीची यादी

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचा प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून होतो; त्यात कॉलेज आणि ब्रँचचे पर्याय क्रमाने भरायचे तो ऑप्शन फॉर्म. मार्कशीट, डोमिसाइल, टीसी, आधार हे सगळ्यांना ठाऊक असतं. राखीव गटात असाल तर नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची तारीख तेवढी बघा. २०२५-२६ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध लागत होतं; त्याच हिशोबाने पुढचं वर्ष धरा. बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीवला ४० पुरे. मेरिट सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागतं, बारावीचे मार्क बरोबरी झाली तरच कामाला येतात.

आता गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या पीडीएफ उघडा. पहिल्या राउंडचीच नको, सगळ्या राउंडच्या काढा. पर्सेंटाइल साठ-सत्तरच्या घरात असेल तर नंतरच्या राउंडचे आकडेच जास्त उपयोगी. प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर असतो आणि खाली कंसात पर्सेंटाइल. कंसातला आकडा घ्या.

आणि कॉलम बघा. जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस. शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवू नका. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, ओपन म्हणजे खुला गट. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यपातळी. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांना एस असतो. बहुतेक कॉलेजांत एच आणि ओ. होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी जिथून पास झालात त्यावरून ठरते. घर पुण्यात, पण बारावी लातूरला केली? मग होम युनिव्हर्सिटी नांदेडची, आणि पुण्यातल्या कॉलेजांसाठी तुम्ही ओ. साताऱ्याहून बारावी असेल तर शिवाजी विद्यापीठ, म्हणजे पुण्यात पुन्हा ओच. एचचा आकडा बघून ‘हे मिळेल’ म्हणत यादी केली की ती कोसळते, आणि कळतं तेव्हा राउंड होऊन गेलेला असतो. मुलींनी जी आणि एल (मुलींच्या जागा) दोन्ही कॉलम बघायचे, शेवटच्या अक्षरासकट.

यादी लांब करा. फॉर्ममध्ये ३०० पर्याय भरता येतात, लोक पंधरा भरतात आणि हात हलवत परत येतात. साठ-सत्तर तरी हवेत: काही आपल्या पर्सेंटाइलच्या वरचे, बरेचसे आसपासचे, शेवटी दहा-बारा नक्की मिळतील असे. पण तिथे खरोखर जायची तयारी हवी. कॉम्प्युटरच हवं असा हट्ट असेल तर कॉलेज खाली सरकेल. सिव्हिल, मेकॅनिकल चालत असेल तर त्याच पर्सेंटाइलवर बरं कॉलेज मिळू शकतं. एनबीए (राष्ट्रीय मान्यता मंडळ) मानांकन ब्रँचला असतं आणि ठरावीक मुदतीचं. कॉलेजच्या फ्लेक्सवर विसंबू नका, एनबीएच्या साइटवर ब्रँच शोधा.

क्रम आवडीचाच लावा. अवघड पर्याय वर ठेवल्याने खालच्याची संधी जात नाही. उलट ‘हमखास मिळेल’ म्हणून नावडतं कॉलेज एक नंबरला टाकलं तर अडकलात: २०२५ च्या नियमांत पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राउंडला बदलता येत नाही; दुसऱ्या राउंडला पहिल्या तिनांतला कुठलाही, तिसऱ्याला पहिल्या सहांतला. यंदाचे आकडे माहितीपुस्तिकेत तपासा.

फीचा आकडा शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवरून घ्या. टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या जागा) कोड वेगळा असतो, शेवटी टी. तो वेगळा भरला नाही तर विचारच होत नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि कट-ऑफ सहसा वर जातो. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर सरकारी शिष्यवृत्ती नाही.

मग फॉर्म सेव्ह करून थांबू नका, कन्फर्म करा, प्रिंट काढा. त्याआधी प्रत्येक आकड्यापुढे एच, ओ की एस लिहिलंय ना, पुन्हा बघा. सीट मिळाली की फ्रीज किंवा बेटरमेंट (सीट हातात ठेवून पुढच्या राउंडला वरच्या पर्यायाची वाट बघणं) निवडा, फी भरा, मुदतीत रिपोर्टिंग. बेटरमेंटमध्ये वरचा पर्याय लागला की आधीची सीट जाते, ती परत मागता येत नाही.