स्कूल सायकॉलॉजीला अप्लाय करताय? आधी हे वाचा, मग फी भरा

मागच्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर एका ज्युनियरनं विचारलं, "ताई, स्कूल सायकॉलॉजी म्हणजे शाळेतलं काउन्सेलिंगच की, मग एवढी भानगड कशाला?" मीपण आधी असंच समजत होते आणि त्या नादात पहिल्या वर्षी सहा अर्जांची फी घालवून बसले, ते पण डॉलरमध्ये. दुसऱ्या वर्षी जमलं, ऑगस्टला शिकायला अमेरिकेला निघतीय, तर एकदाच लिहून टाकते, परत परत व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करायला नको.

तर अमेरिकेत स्कूल सायकॉलॉजिस्ट आणि स्कूल काउन्सेलर ही दोन वेगळी माणसं. तिथं १९७५ ला एक कायदा झाला, आता त्याला आयडिया (IDEA, कायद्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) म्हणतात, त्याप्रमाणं अपंगत्व असलेल्या किंवा शिकण्यात अडचण येणाऱ्या मुलाला सरकारी शाळेनं त्याच्या गरजेसारखं शिक्षण द्यायलाच लागतं. मग मूल त्यात बसतं का नाही हे बघायला टेस्टिंग करायचं, वर्गात मागच्या बाकावर बसून त्याला बघायचं, रिपोर्ट लिहायचा, आईबाप आणि शिक्षकांबरोबर मीटिंगला बसून त्याचा आयईपी, म्हणजे त्या एका पोरापुरता प्लॅन, बनवायला हात लावायचा, ही स्कूल सायकॉलॉजिस्टची मेन कामं. काउन्सेलिंग पण असतं, पण तेवढंच नसतं. नॅस्प म्हणून त्यांची राष्ट्रीय संघटना आहे, ती म्हणते ५०० मुलांमागं एक पाहिजे, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढे नाहीत.

आता माझी चूक सांगते. "पीएचडीला फंडिंग मिळतं" एवढं ऐकलं आणि सहाच्या सहा अर्ज पीएचडीला टाकले. रिसर्च शून्य, कुठल्या प्रोफेसरचं काम कशावर चाललंय ते पण बघितलं नव्हतं. एका पण ठिकाणाहून इंटरव्ह्यूला बोलावलं नाही, बरोबरच आहे त्यांचं. पीएचडी पाच-सहा वर्षांची, तिथं गाइडशी तुमचा विषय जुळतो का हे सगळ्यात आधी बघतात. शाळेत काम करायचंय तर स्पेशालिस्ट डिग्री बास होते, बहुतेक ठिकाणी तिचं नाव एड.एस. असतं. तीन वर्षं फुल टाइम, कमीत कमी ६० क्रेडिट, शेवटच्या वर्षी १२०० तासांची इंटर्नशिप आणि त्यातले निदान ६०० तास शाळेतच. नावावर जाऊ नका, कुठं एम.ए. प्लस एड.एस. असतं, कुठं नुसतंच एम.एड. लिहिलेलं असतं, क्रेडिट आणि इंटर्नशिपचे तास मोजा. नॅस्पच्या साइटवर मान्यता असलेल्या प्रोग्रामची यादी आहे, तिथनं सुरू करा. एपीए म्हणजे तिथली सायकॉलॉजिस्ट लोकांची मोठी संघटना, तिच्या यादीत एड.एस. शोधत बसू नका, मी दोन दिवस शोधलं, त्यांची मान्यता मुख्यतः डॉक्टरेटच्या प्रोग्रामना असते.

यादी सहा-सात नावांवर आणली की फी भरायच्या आधी प्रत्येक प्रोग्रामच्या डायरेक्टरला चार ओळींचा मेल टाका. दोनच गोष्टी विचारायच्या, बाहेरच्या देशातली मुलं घेता का, आणि घेतली असतील तर त्यांनी तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप एफ-१ व्हिसावर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, कशी केली. मला एका ठिकाणाहून सरळ उत्तर आलं की आमची स्कॉलरशिप फेडरल ग्रँटमधनं येते आणि ती सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवाल्यांनाच आहे. वाईट वाटलं, पण फी वाचली की. स्पेशालिस्टला फंडिंग तसं कमीच, असिस्टंटशिप, म्हणजे कॉलेजातच काम करून मिळणारे पैसे, मिळाली तर मिळाली, ते धरूनच घरात बोला. तीन वर्षांचं बी.ए. चालतं का हे पण ह्याच मेलमध्ये विचारून घ्या, माझं एम.ए. झालेलं म्हणून अडलं नाही.

कागदपत्रं गणपतीच्या आधी हलवा, खरंच सांगते. माझं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे युनिव्हर्सिटीनं दिलेला सगळ्या मार्कांचा कागद, ह्या खिडकीवरनं त्या खिडकीवर पाच आठवडे फिरलं, आलं ते आडनावात चूक घेऊन आलं, परत गेलं, तोपर्यंत दिवाळीची सुट्टी लागली. पीएचडीच्या डेडलाइन डिसेंबरच्या सुरवातीलाच असतात, एड.एस.च्या बऱ्याचशा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. आणि पर्सेंटेजचं जीपीए, म्हणजे तिकडच्या पद्धतीचे ग्रेड पॉइंट, स्वतः करत बसू नका, ६२ टक्के बघून तिकडचा माणूस दचकेल पण आपल्याकडं तो फर्स्ट क्लास आहे, ते डब्ल्यूईएससारख्या मार्क तपासून देणाऱ्या संस्थांना करू द्या. जीआरई ही प्रवेश परीक्षा बऱ्याच कॉलेजांनी काढून टाकलीय, प्रत्येकाचं पेज बघा. टोफेल-आयईएलटीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, उगाच लवकर देऊन ठेवू नका.

आता एसओपी, म्हणजे हे का शिकायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध, इथं जरा थांबते. माझा पहिला ड्राफ्ट "लहानपणापासून मला लोकांना मदत करायची आवड आहे" असा होता, आणि असा ड्राफ्ट अख्ख्या भारतातनं जातो. दुसऱ्या वर्षी मी आधी काय केलं, तर एका मराठी शाळेत आठवड्यातनं दोन दिवस जायला लागले, पगार नाही काही नाही, नुसती तिसरीच्या बाईंना मदत. तिथं एक पोरगा होता, "घर" ला "धर" वाचायचा, "भात" ला "मात". बाई म्हणायच्या लक्ष नसतं त्याचं. एक दिवस त्याच्याशेजारी बसले तर दिसलं की तो अक्षराच्या डोक्यावर बोट ठेवून शिरोरेषा तुटलीय का जोडलीय ते चाचपतोय आणि मगच बोलतोय. म्हणजे लक्ष होतं की, जास्तच होतं! एसओपी मी तिथनंच सुरू केला, घ-ध आणि भ-म मध्ये नेमका फरक कुठाय ते लिहिलं, इंग्रजीत बी-डी ची गडबड होते तसंच हे म्हणून सांगितलं, आणि इंग्रजीत बनवलेली टेस्ट अशा पोराला लावली तर काय निसटेल हा प्रश्न मांडला. इंटरव्ह्यूत तिन्ही ठिकाणी ह्याच पोराबद्दल विचारलं. तुम्ही पण आधी कुठल्यातरी शाळेत जाऊन बसा, चार महिने तरी. पोराचं नाव, शाळेचं नाव मात्र कुठंही लिहायचं नाही, त्या फील्डमध्ये हे फार बघतात.

शिफारसपत्रं तीन लागतात. आपल्याकडं सर म्हणतात "तूच लिहून आण, सही करतो". प्रेमानंच म्हणतात, पण नको. तिकडच्या कॉलेजची लिंक सरांच्या मेलवर जाते, त्यांनीच भरायचं असतं. मी सरांना एक पानभर मुद्दे दिले, त्यांच्या विषयाचं कुठलं प्रोजेक्ट केलं, वर्गात काय वाद घातला, शाळेत काय बघितलं. नाहीतर "हुशार, आज्ञाधारक आणि मनमिळाऊ" येतं, ते लग्नाच्या बायोडेटाला ठीक आहे. तिघांपैकी एकजण शाळेतला असेल तर उत्तम, माझ्या त्याच बाईंनी लिहिलं. आणि कॉलेजच्या मेल आयडीवरनं पाठवा म्हणून सांगा.

इंटरव्ह्यू झूमवर असतात. न्यूयॉर्कच्या बाजूचं कॉलेज असलं तर थंडीत ते आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं, म्हणजे त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. फेब्रुवारीत रात्री साडेआठ म्हणजे दारात वरात. माझी मधेच बेंजो लागली, मी सरळ सांगितलं बाहेर लग्न आहे, पॅनेल हसलं आणि पाच मिनिटं थांबलं. तरी शक्यतो आतल्या खोलीत बसा, इन्व्हर्टर चार्ज ठेवा.

ऑफर आली की आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या कागदासाठी, पैसे दाखवायचे. पप्पांनी कौतुकानं सातबारा काढून आणला, उसाचं रान आहे, सगळं व्यवस्थित. चालत नाही. त्यांना बँकेतली शिल्लक, एफडी नाहीतर लोनचं सँक्शन लेटर लागतं. मग बँकेत गेलो, तिथले साहेब फाइल चाळत म्हणाले, "तीन वर्षं अमेरिकेत शिकून शाळेतच जाणार व्हय?" पप्पा म्हणाले, "व्हय, पण तिथल्या." लोन झालं, दोन महिने लागले, तेवढे हिशोबात धरा.