आल्फ डब्स यांच्यावर छोटं प्रदर्शन कसं मांडावं: इंदूरच्या मराठी शाळा-मंडळांसाठी

नाझींपासून वाचवण्यासाठी प्रागहून ब्रिटनला पाठवलेल्या मुलांपैकी एक म्हणजे आल्फ डब्स. निर्वासित मुलगा पुढे तिथला खासदार झाला, एवढंच सांगितलं तर मुलं टाळ्या वाजवून घरी जातात. डब्स यांनी कायद्यात काय घालू पाहिलं आणि त्यातलं किती पदरात पडलं, ते डोळ्यांना दिसायला हवं. त्यासाठी एक भिंत, दोन टेबलं आणि दोन दिवसांची तयारी पुरते.

भिंतीवर युरोपचा नकाशा लावा. त्यावर चारच नावं हवीत: प्राग, हुक ऑफ हॉलंड, हार्विच, लंडन. आगगाडीसाठी लाल लोकर, बोटीसाठी निळी. प्रागपासून लंडनपर्यंत एकच लाल लोकर ताणली, तर मधला समुद्र कुठे गेला असं चौथीतलं पोरही विचारेल.

खाली तारखांची पट्टी. 1932, प्रागमध्ये जन्म. जून 1939, वयाच्या सहाव्या वर्षी एकट्यानं प्रवास. 1979, लंडनमधल्या बॅटरसी साउथमधून खासदार. 1987, पराभव. 1988, निर्वासितांना मदत करणाऱ्या ब्रिटनमधल्या निर्वासित परिषदेचे संचालक. 1994, ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात. पराभवाचं साल गाळू नका. निर्वासितांसाठीचं पूर्णवेळ काम त्यानंतरच सुरू झालं. निवडून आल्याचा कागद एका रंगाचा, लॉर्ड्समधल्या नेमणुकीचा दुसऱ्या रंगाचा ठेवा, कारण मोठी माणसंही इथे गल्लत करतात. आणि आल्फसारखी 669 मुलं प्रागहून ब्रिटनला आणून एकट्या निकोलस विंटन या ब्रिटिश माणसानं वाचवली असं लिहू नका. प्रागमध्ये डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक याच कामासाठी जिवावर उदार होऊन खपत होते.

पहिल्या टेबलावर लहान मुलाची पाठपिशवी, आत फडक्यात बांधलेला डबा. आईनं बांधून दिलेलं खाणं छोट्या आल्फनं दोन दिवसांच्या प्रवासात उघडलंसुद्धा नव्हतं. चिठ्ठीवर एवढंच लिहा. डब्यात अर्धा किलो तांदूळ भरा, म्हणजे उचलल्यावर तो भरलेला आहे हे हाताला कळतं. गाठ दुहेरी मारा.

दुसऱ्या टेबलावर जास्त वेळ द्या. युरोपात एकट्या पडलेल्या 3,000 निर्वासित मुलांना ब्रिटनमध्ये घ्यावं, अशी दुरुस्ती डब्स यांनी 2016 मध्ये सुचवली. लॉर्ड्समध्ये ती मंजूर झाली. कॉमन्स या निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात 25 एप्रिलला 294 विरुद्ध 276 मतांनी पडली. फळ्यावर दोन्ही आकडे लिहा आणि विचारा, किती जणांनी मत फिरवलं असतं तर बरोबरी झाली असती? मुलं हमखास अठरा म्हणतात. उत्तर नऊ, कारण प्रत्येक फिरलेलं मत इकडचं एक कमी करतं आणि तिकडचं एक वाढवतं.

नंतरच्या दुरुस्तीत आकडाच नव्हता; स्थानिक संस्थांशी बोलून तो सरकारनं ठरवायचा होता. ही तडजोड कायद्यात आली आणि तिथेच पाणी मुरलं. 2017 मध्ये सरकारनं आधी 350 आकडा सांगितला, मग हिशेबात राहून गेलेल्या 130 जागा धरून 480.

हे हरभऱ्यांनी दाखवा. 480 दाणे हातानं मोजा. 3,000 साठी 300 मोजून वजन करा आणि त्याच्या दहापट हरभरे घ्या. दोन्ही बरण्या एकाच रुंदीच्या हव्यात, नाहीतर अरुंद बरणीतले 480 उगाच उंच दिसतात. झाकणांवर चिकटपट्टी लावा.

सिंधी कॉलनीत 1947 नंतर लहानपणी सिंधमधून आलेले आजी-आजोबा भेटले, तर पंधरा मिनिटांसाठी बोलवा. घरी जाऊन आधी विचारा, खुर्ची पंख्याखाली ठेवा, फोटोची परवानगी वेगळी घ्या. ‘किती सोसलंत?’ असं मुलांना विचारू देऊ नका. ‘निघताना पिशवीत काय होतं?’ हा प्रश्न पुरे. बोलता बोलता ते थांबले, तर पुढचा प्रश्न टाकू नका. पाण्याचा पेला जवळ सरकवा आणि वाट पाहा.