व्हिएतनामच्या आधी चोर्ला घाट

व्हिएतनाममध्ये सायकलने हानोई ते हो ची मिन्ह सिटी म्हणजे सुमारे १,७०० किलोमीटर. नकाशा उघडून लगेच मुक्काम ठरवू नका, आधी वारा बघा. हिवाळ्यात तिथे वारा ईशान्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात तर तो पाठीशी राहतो. वाटेवर मधल्या हुए-दा नांग भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर येतात. त्यांचे नववर्ष, ‘तेत’, साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येते आणि त्या दिवसांत खानावळी, गॅरेज बंद असतात. मी तेत आटोपल्यावरच निघाले.

रोज ७० किलोमीटर धरले तर २५ दिवस होतात. मी ३२ धरले, आणि ते एकही जास्त झाले नाहीत. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा.

आता खरी तयारी. सगळे सामान लादून गोव्यातल्या डिचोलीहून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढा. रिकाम्या सायकलवरचा सराव इथे उपयोगाचा नाही. पहिल्या खेपेला मी सगळा भार मागच्या कॅरिअरवर टाकला होता. अर्ध्या घाटात मागून ‘टण्ण’ आवाज आला, स्पोक तुटला आणि चाक वाकडे होऊन ब्रेकला घासू लागले. केरीपर्यंत सायकल ढकलत आणली. त्यानंतर सामान १२ किलोवर जाऊ दिले नाही, आणि जड वस्तू पुढच्या पिशव्यांत, तळाशी. आपल्या चाकातल्याच लांबीचे तीन जादा स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून न्या.

विमानासाठी सायकल खोक्यात भरताना डावे पेडल उलट आट्यांचे असते हे विसरू नका. मागचा डेरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, सोडवून बबल रॅपमध्ये गुंडाळा. त्याचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा बोटाच्या पेराएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, दणक्याने वाकतो आणि मॉडेलगणिक वेगळा असतो. परक्या गावात तो मिळेल याची खात्री नाही. एक जादा जवळ ठेवाच. पंक्चरची चिंता नको, तिथे गावोगावी मोटरसायकलची गॅरेजे आहेत. ट्यूब मात्र मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हची घ्या, म्हणजे हवा कुठेही भरता येते.

राहायला ‘न्या न्गी’ अशी पाटी शोधा. साधी, स्वस्त लॉजे असतात. नोंदणीसाठी पासपोर्ट मागतात, तो सकाळी आठवणीने परत घ्या. सोमवारी मी नुस्त्याला, म्हणजे मासळीला, शिवत नाही, म्हणून ‘आन चाय’, शाकाहारी जेवण, हे दोन शब्द घोकून गेले होते. पौर्णिमेच्या सुमाराला असे जेवण हमखास मिळते, एरवी भाजीतही माशाचा सॉस असतो.

आणि एक बदल घरीच करा. तिथे वाहने उजवीकडून चालतात, मागचा ट्रक तुमच्या डाव्या अंगाने पुढे जातो. म्हणून आरसा डाव्या हँडलला लावा आणि निघण्यापूर्वी आठवडाभर त्यात बघण्याची सवय करा. हुए-दा नांगमधला हाय वान घाट चढताना, जवळजवळ ५०० मीटर उंचीपर्यंत, माझी नजर सतत त्याच आरशावर होती.